पडद्यावरचा लोंढा आणि लोंढ्यातला माणूस

घर सुटलेल्या माणसासाठी मराठी भाषेत शब्दांची वानवा नाही. पोटासाठी गाव सोडतो तो स्थलांतरित. धरणाच्या पाण्याखाली किंवा कारखान्याच्या आवारात ज्याचे घर गेले तो विस्थापित. दंगल, युद्ध वा फाळणी यांच्या भयाने ज्याने सीमा ओलांडली तो निर्वासित. कर्जाने अथवा भाऊबंदकीने गांजून जो रातोरात नाहीसा झाला तो परागंदा. प्रत्येक शब्दामागे एक निराळे कारण आहे, आणि कारण निराळे म्हणून दुःखही निराळे आहे. परंतु माणसे हजारोंनी रस्त्यावर आली की वर्तमानपत्रे हे सारे शब्द बाजूला सारतात आणि एकच शब्द वापरतात : लोंढा. लोंढा पाण्याचा असतो. पाण्याला नाव नसते, व्यवसाय नसतो, मागे राहिलेली म्हातारी आई नसते. एकदा माणसांना लोंढा म्हटले की मग बांध कोठे घालावा एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने २०२४ च्या अखेरीस जगातील बळजबरीने विस्थापित झालेल्यांची संख्या १२ कोटी ३२ लाख सांगितली. एवढी मोठी संख्या मनाला स्पर्श करीत नाही. ती केवळ दिपवते. तो स्पर्श करून देण्याचे काम आजच्या काळात कोणी करू शकत असेल, तर ते चित्रपटानेच. आमच्या घराघरांतून आता ग्रंथापेक्षा पडदा अधिक पाहिला जातो, हे खेदाने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून मान्य करावयास हवे. म्हणूनच हा पडदा आपल्या मुलांना घर सुटलेला माणूस कसा दाखवतो, लोंढा म्हणून की माणूस म्हणून, हे तपासून पाहण्याची गरज आम्हांस वाटते. आणि ते तपासावयास भोपाळइतके योग्य शहर दुसरे क्वचितच असेल.

येणाऱ्यांचे शहर

भोपाळ हे मुळात येणाऱ्यांनी भरलेले शहर आहे. शहराच्या पश्चिमेस बैरागढ आहे. आज त्याला संत हिरदाराम नगर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तेथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. महाराष्ट्रातील वाचकांना यावरून कल्याणची लष्करी छावणी आणि तिचे झालेले उल्हासनगर आठवेल. कैद्यांसाठी उभारलेल्या भिंतींत ज्यांनी संसार थाटले, त्यांनी एका पिढीच्या आत तेथे कापडाची मोठी बाजारपेठ उभी केली.

मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश जन्मास आला. नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळ राजधानी झाले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून कारकून, शिक्षक, अभियंते आपापली बिऱ्हाडे पाठीवर घेऊन येथे आले. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. या मासिकाच्या कितीतरी वाचकांचे आजोबा त्या गाडीने उतरले असतील. आम्ही ज्या चार इमलीत राहतो, ती चार चिंचांच्या नावाची वसाहतही त्या नव्या राजधानीचेच अपत्य. तात्पर्य, आपणही येथे आलेलेच आहोत. फरक एवढाच की आपल्या हाती बदलीचा हुकूम होता आणि बैरागढच्या माणसाच्या हाती काही नव्हते.

आणि याच शहरावर २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची ती रात्र आली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेले. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड या वस्त्यांतील माणसे डोळे चोळीत, खोकत, लेकरे उचलून जिकडे पाय नेतील तिकडे धावत सुटली. तात्काळ मृत्यूंची शासकीय संख्या २,२५९ होती. पुढे राज्य शासनाने ३,७८७ मृत्यू मान्य केले. बाधितांची संख्या २००६ साली शासनाने न्यायालयात ५,५८,१२५ अशी सांगितली. या संख्यांबद्दल वाद आहेत आणि ते राहतील. परंतु एका रात्रीत अर्धे शहर स्वतःच्याच शहरात निर्वासित झाले, याबद्दल वाद नाही.

तीन कसोट्या

अशा प्रसंगांवरचे चित्रपट पाहताना आम्ही तीन साधे प्रश्न विचारतो. पहिला : घर सुटलेल्या माणसाला या चित्रपटात नाव, धंदा आणि घर आहे काय? की तो गर्दीतला एक चेहरा आहे? दुसरा : कथेचा नायक कोण, संकटात सापडलेला की त्याला सोडविणारा? तिसरा : आपत्तीची रात्र संपल्यावर कॅमेरा तेथे थांबतो काय, की पहाट होताच बाकीच्यांबरोबर तोही निघून जातो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चांगली असतील तर चित्रपट थोडा सदोष असला तरी तो आम्हांला चालतो. उत्तरे वाईट असतील तर छायाचित्रण कितीही सुंदर असो, तो लोंढ्याचाच चित्रपट.

आपल्या देशात याचा पाया फार चांगला घातला गेला होता, हे आज विसरले जाते. १९४६ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'धरती के लाल' काढला. विषय १९४३ चा बंगालचा दुष्काळ. अन्नासाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडलेले शेतकरी. चित्रपट इप्टा या नाट्यसंघाचा. आणि त्या दुष्काळग्रस्तांच्या समूहदृश्यांत उतरले ते आपल्या खानदेशातले, धुळे भागातले शेतकरी. बंगालच्या भुकेला खानदेशच्या शेतकऱ्याने आपला चेहरा दिला, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. ज्याने अवर्षण पाहिले आहे त्याला भूक वठवावी लागत नाही.

पुढे १९५० साली निमाई घोष यांचा 'छिन्नमूल' आला. पूर्व बंगालमधून उखडलेल्या एका गावाची ती कथा. त्यातील काही दृश्ये सियालदह स्थानकावर प्रत्यक्ष निर्वासितांमध्ये चित्रित झाली. १९५३ च्या बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'मध्ये शंभू महातो जमीन सोडविण्यासाठी कलकत्त्यास जातो आणि रिक्षा ओढतो. त्याचे कर्ज किती, त्यातले फिटले किती, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत ठाऊक असते. दारिद्र्याचा हिशेब मांडला की त्याची दया येत नाही, राग येतो. आणि राग हा दयेपेक्षा अधिक आदराचा आहे.

येथे बलराज साहनी यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'धरती के लाल'मध्ये ते होते, 'दो बिघा जमीन'चा शंभू तेच, आणि १९७३ सालच्या एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'मधील आग्र्याचे सलीम मिर्झाही तेच. स्वतः साहनी रावळपिंडीचे; फाळणीत त्यांचेही मूळ गाव तुटले. 'गर्म हवा'चे काम पुरे करून एप्रिल १९७३ मध्ये ते निवर्तले. त्या चित्रपटात मिर्झा यांचे कुटुंब कोठे पळत नाही. ते घरातच आहे आणि घर हळूहळू त्यांच्याखालून सरकते आहे. हवेली जाते, कारखाना जातो, मुलगी जाते. हवेली सोडावयास तयार नसलेली वृद्ध आई लाकडे ठेवण्याच्या जागेत लपून बसते. निर्वासित होणे ही एका रात्रीची घटना नसून अनेक महिन्यांची प्रक्रिया असते, हे इतक्या संयमाने सांगणारा दुसरा हिंदी चित्रपट आम्हांस माहीत नाही.

मुंबईच्या मोठ्या चित्रसृष्टीने मात्र या विषयाशी लपंडावच खेळला. ही चित्रसृष्टी पुष्कळ अंशी निर्वासितांनीच उभी केली. चोप्रा बंधू, रामानंद सागर, जी. पी. सिप्पी, गुलजार, गोविंद निहलानी, अभिनेत्री साधना हे सारे सीमेपलीकडून आलेले. परंतु बहुतेकांनी ती जखम थेट दाखविण्याचे टाळले. १९६५ च्या 'वक्त'मध्ये एक भरले घर क्षणात विखुरते, आईबाप आणि मुले एकमेकांना वर्षानुवर्षे शोधत राहतात; कारण दिले आहे भूकंपाचे. फाळणीला फाळणी म्हणणे जड जात होते, म्हणून तिला भूकंप म्हटले असावे, असे आम्हांस नेहमी वाटते. हरवलेल्या भावांचे आणि ताटातूट झालेल्या मायलेकरांचे इतके चित्रपट आपल्याकडे का निघाले, याचेही उत्तर तेथेच शोधावे. निहलानी यांनी भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून 'तमस' काढला आणि १९८८ मध्ये तो दूरदर्शनवर आला, तेव्हा चाळीस वर्षे लोटली होती. बंगालमध्ये ऋत्विक घटक यांनी 'मेघे ढाका तारा', 'कोमल गांधार' आणि 'सुवर्णरेखा' यांतून ही वेदना उघडपणे मांडली, पण हिंदी मुलखातल्या प्रेक्षकापर्यंत ती फारशी पोहोचली नाही. आणि बैरागढचा सिंधी तर हिंदी पडद्यावर दीर्घकाळ दिसला तो बहुधा चिक्कू व्यापारी म्हणून, हशा पिकविण्यासाठी.

भोपाळ पडद्यावर

आता आपल्या शहराकडे वळू. वायुदुर्घटनेनंतर दोन वर्षांच्या आत तपन बोस, सुहासिनी मुळे आणि सलीम शेख यांनी 'भोपाल : बियॉन्ड जेनोसाइड' हा माहितीपट तयार केला. सुहासिनीबाई 'भुवन शोम'च्या नायिका म्हणून सर्वांस परिचित आहेत. पाटण्यात जन्मलेल्या या मराठी बाईंच्या मातोश्री विजया मुळे यादेखील माहितीपटांच्या क्षेत्रातील मोठे नाव. या माहितीपटास सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही दूरदर्शनने तो दाखविण्यास नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. राष्ट्रीय सन्मान मिळालेले सत्य राष्ट्राच्या पडद्यावर यावयास न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या पुस्तकात घालण्याजोगी आहे. आमच्या तिन्ही कसोट्यांना हा माहितीपट उतरतो. त्यातील माणसे स्वतः बोलतात. आणि तो रात्रीबद्दल जितका आहे तितकाच रात्रीनंतरच्या रुग्णालयांबद्दल, रांगांबद्दल आणि कागदपत्रांबद्दल आहे.

१९९९ मध्ये महेश मथाई यांचा 'भोपाल एक्स्प्रेस' आला. के. के. मेनन यांचा वर्मा हा कारखान्यातील पर्यवेक्षक. नसीरुद्दीन शाह यांचा बशीर हा त्याच कारखान्याचा माजी कामगार. कारखान्यावर विश्वास असलेला आणि विश्वास उडालेला, अशा दोन माणसांच्या मैत्रीतून कथा उलगडते. वर्माची पत्नी रेल्वेने शहराकडे परत येते आहे आणि तिला अडविले पाहिजे, या एका धाग्यावर सारा ताण तोललेला आहे. येथे माणसांना नावे आहेत, नोकरी आहे, घर आहे. मात्र चित्रपट रात्रीबरोबर संपतो.

२०१४ साली रवी कुमार यांचा 'भोपाल : अ प्रेअर फॉर रेन' आला. त्यात राजपाल यादव यांचा दिलीप रिक्षा ओढण्याचे सोडून कारखान्यात कामास लागतो. ही मांडणी आम्हांस महत्त्वाची वाटते. कारखान्याभोवतीच्या वस्त्या आकाशातून पडल्या नव्हत्या. खेड्यांतून कामाच्या शोधात आलेली माणसे कामाच्या दाराशीच झोपडी बांधतात. म्हणजे त्या रात्री पळालेल्यांपैकी अनेक जण आयुष्यात दुसऱ्यांदा उखडले जात होते. मार्टिन शीन यांनी रंगविलेल्या वॉरन अँडरसन यांनाही या चित्रपटात भरपूर जागा आहे. खलनायकाला माणूसपण देण्यास आमची हरकत नाही, पण मोठ्या नटाच्या सावलीत दिलीपची झोपडी अधूनमधून झाकोळते.

त्याच चित्रपटातील पत्रकार आणि २०२३ च्या 'द रेल्वे मेन' या चार भागांच्या मालिकेतील पत्रकार, दोघेही राजकुमार केसवानी यांच्यावर बेतलेले आहेत. भोपाळच्या सिंधी कुटुंबातले हे पत्रकार १९८२ पासून आपल्या 'रपट' या लहानशा साप्ताहिकातून या कारखान्याच्या धोक्याविषयी इशारे देत होते. पुढे हेच केसवानी हिंदी चित्रपटांच्या इतिहासाचे रसाळ लेखक म्हणून वाचकप्रिय झाले. 'मुगल-ए-आझम'वरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. २०२१ मध्ये ते गेले. ज्या समाजाला या शहराने छावणीच्या बराकी दिल्या, त्याच समाजाच्या एका मुलाने या शहराला सर्वांत आधी सावध केले. परक्याला जागा दिल्याने गावाचे काय भले होते असे कोणी विचारले, तर भोपाळकरांनी हे उत्तर द्यावे.

'द रेल्वे मेन'ने नव्या पिढीला ही घटना सांगितली, हे तिचे श्रेय. त्या रात्री उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरील गाडी वेळेआधी सोडली आणि शेकडो प्रवाशांचे प्राण वाचविले. मालिकेचा मूळ आधार या खऱ्या धैर्यात आहे. परंतु दुसरी कसोटी लावली की अडखळावे लागते. येथे नायक सोडविणारे आहेत, आणि जे सुटले वा सुटले नाहीत ते फलाटावरचा जमाव आहेत. आमच्या शाळेतील मोठ्या वर्गातल्या मुलांनी ही मालिका आवडीने पाहिली. त्यांच्याशी बोलताना असे दिसले की स्थानकावरील अधिकाऱ्याची प्रत्येक हालचाल त्यांना पाठ आहे, पण फलाटावर पडलेली माणसे कोणत्या वस्तीतली, ती तेथे का आली होती आणि नंतर कोठे गेली, हे विचारताच वर्ग शांत होतो. त्यांतील काही मुलांचे आजी-आजोबा त्याच वस्त्यांतले आहेत. आपल्याच घराची गोष्ट पडद्यावर पाहून मुलाला आपल्या आजीऐवजी अधिकारी आठवावा, ही चूक मुलाची नव्हे.

न काढलेला चित्रपट

एका गोष्टीकडे मात्र यांपैकी कोणत्याही कथापटाने पुरेसे पाहिले नाही, आणि ती म्हणजे दुसरे पलायन. कारखान्यात आणखी विषारी द्रव शिल्लक होता. तो संपविण्यासाठी १६ डिसेंबर १९८४ पासून संयंत्र पुन्हा चालविण्याचे ठरले. या मोहिमेला 'ऑपरेशन फेथ' असे नाव दिले गेले. वरून हेलिकॉप्टरने पाणी शिंपडले जात होते. कुंपणावर ओली पोती लावली होती. नाव विश्वासाचे होते, पण विश्वास ठेवावयास शहर तयार नव्हते. शाळांना सुट्या दिल्या गेल्या. लाखो माणसे बसगाड्यांच्या टपांवर, मालमोटारींत, रेल्वेच्या दारांना लोंबकळत बाहेर पडली. शासनाने छावण्याही उघडल्या.

आम्ही त्या वेळी शाळकरी होतो. आमच्या ओळखीची मराठी कुटुंबे कोणी इटारसीस, कोणी नागपुरास, कोणी इंदुरास आत्या-मावश्यांकडे गेली आणि पंधरा दिवसांनी परत आली. त्या वेळी न कळलेली एक गोष्ट आज स्पष्ट दिसते. ज्याच्या खिशात नातेवाइकाचा पत्ता असतो तो निर्वासित होत नाही. तो पाहुणा होतो. काझी कॅम्पच्या माणसालाही तेच भय होते आणि त्यालाही तीच लेकरे होती. त्याच्याजवळ फक्त पत्ता नव्हता. पहिल्या रात्री मृत्यू सर्वांमागे धावला, पण दुसऱ्या पलायनात शहर उभे चिरले गेले : ज्यांना जाण्यास ठिकाण आहे ते, आणि ज्यांना नाही ते. असा चित्रपट काढावयास धूर लागत नाही, धावती गर्दी लागत नाही. एक बसस्थानक आणि दोन कुटुंबे पुरेत. तो अजून कोणी काढलेला नाही.

पायी निघालेला देश

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर जे दृश्य देशाने पाहिले, त्याचा एक मोठा प्रवाह मध्य प्रदेशातूनच वाहिला. मुंबई, नाशिक, पुणे, सुरत येथून उत्तरेकडे निघालेली माणसे याच मार्गांनी चालत गेली. आणि ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते आमच्या मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांचे होते. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करीत आणि गावाकडची गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे चालले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांशी ज्यांचे नाते आहे अशा आपणांस तरी ती बातमी दोन्हीकडून लागावयास हवी होती.

यावर चित्रपट लवकर आले. विनोद कापडी यांच्या २०२१ च्या '१२३२ किमीज' या माहितीपटात गाझियाबादहून बिहारमधील सहरसाकडे सायकलींवर निघालेल्या सात मजुरांची सोबत कॅमेरा करतो. अनुभव सिन्हा यांच्या २०२३ च्या 'भीड'ने काळ्या-पांढऱ्या रंगांत एका नाक्यावर अडकलेला समाज उभा केला आणि टाळेबंदीच्या पलायनाला फाळणीच्या पलायनाशेजारी नेऊन ठेवले. 'भीड' म्हणजे गर्दी; पण त्या गर्दीत जात कशी टिकून राहते, उपाशी माणूसदेखील कोणाच्या हातचे अन्न नाकारतो, हे दाखविण्याचे धैर्य त्यात आहे.

या सर्वांत आम्हांस उजवा वाटतो तो नीरज घायवान यांचा २०२५ चा 'होमबाउंड'. हैदराबादेत मराठी घरात वाढलेले हे दिग्दर्शक आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांपैकीच होत. हा चित्रपट कान महोत्सवात दाखविला गेला आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठविला गेला. मूळ घटना आमच्याच राज्यातली. सुरतेहून उत्तर प्रदेशातील आपल्या गावी निघालेल्या दोन मित्रांपैकी एकजण वाटेत शिवपुरी जिल्ह्यात कोलारसजवळ आजारी पडला. सहप्रवाशांनी भयाने त्याला मालमोटारीतून उतरविले. दुसरा मित्र त्याच्याबरोबर उतरला आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसून राहिला. एक दलित, दुसरा मुसलमान. पत्रकार बशारत पीर यांनी त्यावर लेख लिहिला आणि त्यावरून चित्रपट झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की टाळेबंदी फार उशिरा येते. तोवर आपण त्या दोघांना त्यांच्या गावात, घरात, पोलीस भरतीच्या परीक्षेच्या धडपडीत पाहिलेले असते. म्हणून ते जेव्हा रस्त्यावर येतात तेव्हा आपल्याला लोंढा दिसत नाही. ओळखीची दोन मुले दिसतात. आमच्या पहिल्या कसोटीचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

जगातही उत्तम चित्रपटकारांनी हीच वाट धरली आहे. लेबनॉनच्या नादिन लबाकी यांनी २०१८ च्या 'कॅपरनॉम'मध्ये मुख्य भूमिका झैन अल रफिया या खऱ्याखुऱ्या सीरियन निर्वासित मुलाला दिली. इटलीच्या जान्फ्रांको रोझी यांनी २०१६ च्या 'फायर ॲट सी'मध्ये लाम्पेदुसा बेटावर येणाऱ्या नौका दाखविल्या, पण त्याच बेटावरच्या एका खोडकर शाळकरी मुलाचे रोजचे जीवनही दाखविले. एकाच बेटावर दोन जगे शेजारी नांदतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. चार इमलीत राहणाऱ्यांना हे समजावयास लाम्पेदुसास जाण्याची आवश्यकता नाही.

आपणच परके असतो तेव्हा

या विषयाची एक बाजू आपल्या घरची आहे. हिंदी चित्रपटात मराठी माणूस पूर्वी कसा दिसे, हे आठवून पाहावे. तो बहुधा हवालदार असे. ती बहुधा नऊवारी नेसलेली मोलकरीण असे आणि तिचे हिंदी ऐकून चित्रपटगृहात हशा पिके. हिंदी मुलखात वाढलेल्या आपल्या मुलांना तो हशा बोचला आहे. परंतु त्याच वेळी मराठी नाटक-चित्रपटांतून उत्तरेकडचा दूधवाला, पहारेकरी, टॅक्सीवाला याच हशासाठी वापरला गेला, आणि तेथे मात्र आपण मोकळेपणाने हसलो. १९७८ च्या 'गमन'मध्ये मुजफ्फर अली यांनी मुंबईच्या अशाच एका टॅक्सीवाल्याला नाव, गाव आणि वाट पाहणारी पत्नी दिली. ती पत्नी रंगविली स्मिता पाटील यांनी. अवधच्या खेड्यातील त्या स्त्रीची प्रतीक्षा एका मराठी अभिनेत्रीने अजरामर केली, हे आपण अभिमानाने सांगतो. मग त्या स्त्रीच्या नवऱ्याला मुंबईत उपरा म्हणताना आपली जीभ अडखळावयास हवी.

मराठी चित्रपटाने घर सुटलेल्याकडे पाहिले नाही असे नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या 'सैराट'चा उत्तरार्ध पुन्हा एकदा शांतपणे पाहावा. जिवाच्या भयाने पळालेली दोन मराठी मुले हैदराबादेत एका झोपडपट्टीत येऊन पडतात. भाषा येत नाही, ओळख नाही. मुलगा डोशाच्या गाड्यावर, मुलगी कारखान्यात काम करू लागते. ज्या मुलीने घरी हुकूम सोडले ती हळूहळू तेलुगू शिकते. लोक त्या चित्रपटातील गाणी लक्षात ठेवतात. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाने मात्र ती शिकलेली परभाषा लक्षात ठेवावी, कारण आपल्या पणजीनेही कधीतरी तशीच परभाषेत भाजी मागितली असेल. तरीही दरवर्षी मराठवाड्यातून कोयता घेऊन निघणारे ऊसतोड कामगार, त्यांच्याबरोबर फिरणारी आणि शाळेला मुकणारी मुले, यांच्या वाट्याला पडद्याचे माप अजून फार थोडे आले आहे. शिक्षकाच्या नजरेला ही उणीव अधिक खुपते. कारण पटावरचे नाव आणि वर्गातली रिकामी जागा यांतले अंतर तो रोज पाहतो.

काय करता येईल

केवळ हळहळ व्यक्त करून लेख संपवावा हे आम्हांस रुचत नाही. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, बडोदे, हैदराबाद येथे आपली मंडळे आहेत, सभागृहे आहेत, गणेशोत्सव आणि शारदोत्सव होतात. त्यांत नाटक होते, सुगम संगीत होते. वर्षातून एका संध्याकाळी 'गर्म हवा', 'गमन' अथवा 'होमबाउंड' यांपैकी एक चित्रपट दाखवावा आणि त्यानंतर अर्धा तास मुलांना बोलू द्यावे. त्यांना वर सांगितलेले तीनच प्रश्न विचारावेत : याला नाव आहे काय, नायक कोण, आणि रात्र संपल्यावर काय झाले? या तीन प्रश्नांची सवय लागलेले मूल उद्या दूरचित्रवाणीवर कोणताही लोंढा पाहील, मग तो गाझातला असो, युक्रेनमधला असो वा म्यानमारच्या सीमेवरचा, तेव्हा ते आपोआप चेहरे शोधू लागेल.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. डिसेंबर १९८४ मध्ये जे तिशी-चाळिशीत होते ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. १९५६ ला नागपूरहून आलेले तर बोटांवर मोजण्याइतके उरले. घरातल्या मुलांच्या हाती आता ध्वनिमुद्रणाचे आणि चित्रीकरणाचे साधन सदैव असते. त्या साधनाने आजीला बोलते करावे. तिच्या आठवणीत ट्रंकेत काय भरले, कुलूप कोणी लावले, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली की नाही, अशा बारीकसारीक गोष्टी निघतील. मोठे चित्रपट याच गोष्टी गाळतात आणि माणूस नेमका याच गोष्टींत राहतो. आणि केवळ आपल्याच आजीला नव्हे. आपल्या घरी भांडी घासावयास येणारी, जुन्या भोपाळच्या वस्तीतली जी वृद्ध बाई आहे, तिलाही खुर्ची देऊन तिची गोष्ट ऐकावी. ती रात्र तिने आपल्याहून जवळून पाहिली आहे. तिचा चित्रपट अद्याप कोणी काढलेला नाही, आणि तो निघेपर्यंत ती थांबेल असे नाही.